लाइन गेली, डबा राहिला

हिंगोलीच्या भंगार बाजारात गेली काही वर्षं एक वस्तू हमखास हाती लागते. जाड पुस्तकाएवढा प्लास्टिकचा डबा, समोर पाच-सहा बारीक दिव्यांची रांग, मागे चार चौकोनी खाचा, त्यांच्या शेजारी टेलिफोनची एक लहान खाच, आणि असलाच तर एखादा लुळा पडलेला अँटेना. दुकानदार त्याला मोडेम म्हणतो आणि किलोवर देतो. अडॅप्टर मागितला तर तो दुसऱ्या ढिगात शोधावा लागतो. असे तीसेक डबे मी दहा-बारा वर्षांत घरी आणले, उघडले, काही चालू केले आणि काही कायमचे मारले. इलेक्ट्रॉनिक्सचं रीतसर शिक्षण माझ्याकडे नाही. जे कळलं ते स्क्रूड्रायव्हर, इतरांनी लिहून ठेवलेली माहिती आणि स्वतःच्या चुका यांतून. ज्या डब्याला आपण मेलेला समजतो त्याचं नक्की काय मेलेलं असतं, काय शिल्लक असतं, आणि त्यातलं कोणतं काम पुन्हा त्याच्या हाती द्यावं नि कोणतं देऊ नये, एवढंच मला इथे सांगायचं आहे.

आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमामार्फत, आणि तेही आधी मोठ्या शहरांत. तेव्हाचा मोडेम फोन लावून जोडणी घ्यायचा, त्यामुळे इंटरनेट चालू असेतोवर घरचा फोन गुंतलेला. हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला १ मे १९९९ ला. त्यानंतर पाच वर्षांनी, २००४ च्या धोरणात, सेकंदाला २५६ किलोबिट म्हणजे ब्रॉडबँड अशी व्याख्या सरकारने केली आणि २००५ पासून भारत संचार निगमाने टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरूनच ही सेवा द्यायला सुरुवात केली. मी सांगतोय तो डबा या काळातला. (पुढे ती व्याख्या २०१३ साली ५१२ किलोबिटवर आणि २०२३ साली २ मेगाबिटवर गेली, म्हणजे एकेकाळचा वेगवान ग्राहक आज कागदोपत्री ब्रॉडबँडवालाच ठरत नाही.) मग रस्ते रुंद झाले, नाल्या खोदल्या गेल्या, केबली तुटल्या. मोबाइल स्वस्त झाला तसे लोकांनी घरचे टेलिफोनच काढून टाकले. आता विजेच्या खांबांवरून काळी फायबर लोंबत येते, तिच्याबरोबर नवा डबा येतो आणि जुना माळ्यावर जातो. दिवाळीच्या साफसफाईत माळा झाडला की तो भंगारात.

लोक त्याला मोडेम म्हणतात, ते अर्धवट खरं आहे. कंपन्यांच्या भाषेत तो ‘गेटवे’ आहे, आणि गेटवे म्हणजे एक यंत्र नव्हे. एकाच प्लास्टिकमध्ये कोंबलेली सहा यंत्रं आहेत. झाकण काढून टेलिफोनच्या खाचेपासून बोट फिरवत निघालं की ती एकेक ओळखू येतात.

पहिलं काम मोडेमचं. तारेवर आपला आवाज साधारण ३०० ते ३४०० हर्ट्‌झ एवढ्याच पट्ट्यात जातो. त्याच्या वरचा सगळा भाग रिकामा असतो. एडीएसएल नावाच्या पद्धतीने सुमारे २५ किलोहर्ट्‌झपासून ११ लाख हर्ट्‌झपर्यंत, आणि नंतरच्या सुधारित आवृत्तीत २२ लाखांपर्यंत, इंटरनेट वाहायला सुरुवात केली. म्हणून फोनवर बोलता बोलता नेट चालायचं. भिंतीवरचा तो छोटा स्प्लिटर दोन्ही पट्टे वेगळे करायचा. पण तार जितकी लांब तितके वरचे पट्टे आधी विझतात. एक्सचेंजजवळचा माणूस खुशीत आणि पाच किलोमीटरवरचा रडकुंडीला, यामागचं कारण हेच. मुद्दा असा, की हा मोडेम एकच भाषा बोलतो आणि ती ऐकणारं यंत्र एक्सचेंजमध्ये तारेच्या दुसऱ्या टोकाला असावं लागतं. ते टोक गेलं की मोडेम संपला. ‘यात फायबरची वायर बसवता येईल का?’ असं मला दर दोन महिन्यांनी कुणीतरी विचारतं. नाही येत. तांब्यातून वीज येते, फायबरमधून उजेड येतो. मेलेलं आहे ते एवढंच, सहातलं एक.

दुसरं काम समजावताना मला जुना पी.पी. नंबर उपयोगी पडतो. ज्यांनी १९८० आणि ९० च्या दशकांत लग्नपत्रिका छापल्या त्यांना ही दोन अक्षरं आठवतील. गल्लीत फोन एकाच घरी. आजूबाजूची दहा घरं तोच नंबर आपला म्हणून द्यायची आणि पुढे कंसात पी.पी. लिहायची. फोनवाल्या काकू कोणाच्या गावाहून फोन येणार आहे हे लक्षात ठेवायच्या आणि आला की हाक मारायच्या. बाहेरच्या जगाला नंबर एकच दिसायचा. आतली घरं काकूंनाच माहीत. डब्यातला राउटर नेमकं हे करतो. जगात इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते आहेत सुमारे ४२९ कोटी, आणि यंत्रं त्याहून कितीतरी जास्त. म्हणून १९९४ साली अशी युक्ती मांडली गेली की घराला बाहेरचा पत्ता एकच द्यावा आणि आतल्या यंत्रांना खासगी पत्ते द्यावेत. त्यासाठी काही पत्ते राखून ठेवले गेले. आपण नेहमी पाहतो ते १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते त्यांतलेच. ते तुमच्याही घरात आहेत आणि माझ्याही, आणि तरी गोंधळ होत नाही. आतून कोणत्या फोनने काय मागवलं याची यादी डबा ठेवतो आणि उत्तर आलं की त्या फोनला हाक मारतो. न मागवता काही आलं, तर काकू जसं ‘असं कुणी इथे राहत नाही’ म्हणत, तसं परत पाठवतो.

तिसरं काम हे आतले पत्ते वाटण्याचं. लॉजवरचा माणूस खोलीची किल्ली देतो तसं डबा प्रत्येक नव्या फोनला ठरावीक मुदतीसाठी एक पत्ता देतो, आणि सोबत ‘बाहेर जायचं दार अमुक ठिकाणी’ हेही सांगतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याने मला फार मोठा धडा दिला आहे. चौथं काम मागच्या चार खाचांमध्ये आपसात देवाणघेवाण करून देण्याचं, पाचवं वायफायचं. सहावं काम राखणीचं, म्हणजे बाहेरून कोणाला आत येऊ द्यायचं आणि कोणाला नाही ते पाहण्याचं.

गेटवेला मराठीत ‘वेस’ याहून चपखल शब्द मला सापडत नाही. मराठवाड्यातल्या किती तरी गावांना अजून वेशीची कमान आहे. भोवतीची भिंत केव्हाच ढासळली आहे. जुन्या गावगाड्यात वेशीची राखण वेसकराकडे असे. हे काम महार वतनातलं, म्हणजे ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवलं त्यांच्याच हाती वेस सोपवलेली. रात्री दार लावायचं त्याने, आल्यागेल्यावर नजर ठेवायची त्याने, पण दार कुणासाठी उघडायचं हे ठरवणारे दुसरेच. डब्याच्या सहाव्या कामाचा विचार करताना मला ही व्यवस्था वारंवार आठवते. त्याकडे येऊच.

आधी सोपा उपयोग. सेनगाव तालुक्यातल्या एका ओळखीच्या घरी फायबर आली. घर जुनं, माळवदाचं: दगडमातीच्या दीड-दोन हात रुंद भिंती, वर तुळया आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात या घराएवढं सुख कुठे नाही, पण वायफायला ते तुरुंगासारखं. नवा डबा ओसरीवर; मधल्या घरात फोन नेला की रेघा गळून पडायच्या. नव्या डब्यांत ५ गिगाहर्ट्‌झचा वेगवान पट्टा असतो, तो तर ओसरीचा उंबराही ओलांडेना. जुन्या डब्यात फक्त २.४ गिगाहर्ट्‌झ असतो. तो हळू असला तरी भिंतीतून जरा जास्त आत शिरतो. वारंवारता जितकी कमी तितकी लहर अडथळे जास्त सोसते. मुंबईच्या आयआयटीने पालघर जिल्ह्यातल्या खेड्यांत ‘ग्राममार्ग’ प्रकल्प केला, त्यातही हेच तत्त्व होतं: टीव्हीच्या यूएचएफ पट्ट्यातल्या रिकाम्या जागा वापरून झाडाझुडपांपलीकडे इंटरनेट पोचवायचं. या प्रकल्पाला २०१७ साली मोझिलाच्या स्पर्धेत पहिलं बक्षीसही मिळालं. अर्थात भिंत दोन हातांची असेल तर २.४ चंही फारसं चालत नाही. तिथे केबलच ओढावी लागते, आणि केबलच्या टोकाला वायफाय देणारं काहीतरी बसवावं लागतं. ते काहीतरी म्हणजे हा डबा.

करायचं असं. जुना डबा एकटाच संगणकाला केबलने जोडायचा. मागच्या बारीक भोकात पिन घालून दहा-पंधरा सेकंद दाबून धरली की तो कारखान्यातून निघाला तेव्हाच्या स्थितीला येतो. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं की बहुतेकांची पानं उघडतात. नाव आणि संकेतशब्द खालच्या चिठ्ठीवर छापलेले असतात. आधी वायफायचं नाव आणि संकेतशब्द आपले घालायचे. सुरक्षेच्या पर्यायांत डब्ल्यूपीए-२ निवडायचं. डब्यात फक्त डब्ल्यूईपी असेल तर वायफाय बंदच करावं. ते कुलूप २००१ सालीच मोडून दाखवलं गेलं आहे. चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी नव्या डब्याने न घेतलेलं घ्यायचं. मग तिसरं काम, म्हणजे पत्ते वाटणं, बंद करायचं. ते घरात एकानेच करावं. शेवटी डब्याचा स्वतःचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करायचा, कारण १.१ वर बहुधा नवा डबा बसलेला असतो. (नव्याचा पत्ता वेगळ्या मालिकेतला असेल तर जुन्याला त्या मालिकेतला द्यायचा.) आता नव्या डब्याच्या एका लॅन खाचेतून केबल जुन्याच्या एका लॅन खाचेत. टेलिफोनची खाच रिकामी राहते आणि तिचा दिवा कायम लुकलुकतो. त्यावर चिकटपट्टी लावली तर घरचे विचारत नाहीत. या रचनेत जुना डबा राउटर उरत नाही. राखणही करत नाही, पत्तेही वाटत नाही. चौथं आणि पाचवं काम तेवढं करतो, आणि ते इमानाने करतो.

इतकं सोपं आहे म्हणूनच मी गाफील राहिलो. औंढा नागनाथ तालुक्यात, जिथे गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडियाच्या चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा उभ्या राहायच्या आहेत, त्याच तालुक्यातल्या एका गावी मुलामुलींची अभ्यासिका आहे. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी वीस-बावीस जणं खाली-वर बसतात. जोडणी खालच्या मजल्यावर, आणि वर काही येईना. मी वर एक जुना डबा लावून दिला. सात-आठ महिने उत्तम चालला. मग एका भरतीच्या अर्जाच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी फोन आला: काहींचं नेट चालतंय, काहींचं नाही, आणि ज्यांचं चालतंय त्यांचंही मधूनच जातंय. मी हिंगोलीत. फोनवरून ‘बंद करून चालू करा’ यापलीकडे मला काही सुचेना. तसं केल्यावर चालत असलेल्या दोघांचंही गेलं. काहींनी मोबाइलच्या नेटवर अर्ज भरले. एका मुलीचा फोटो अपलोड होता होता वेळ संपली.

दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं. वरच्या डब्याचं वायफाय थोडं अडखळलं म्हणून कुणीतरी मदतीच्या भावनेने पिन घालून तो रिसेट केला होता. रिसेट म्हणजे कारखान्याची स्थिती, म्हणजे मी केलेलं सगळं पुसलं गेलं. आता त्याचाही पत्ता १९२.१६८.१.१ आणि खालच्याचाही तोच. शिवाय दोघेही पत्ते वाटायला लागले. नवा फोन आला की जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता तो घेणार. वरच्याने दिला तर सोबत सांगणार, ‘बाहेरचं दार माझ्याकडे’. त्याच्याकडे दार कुठलं? त्याचं दार म्हणजे ती मेलेली टेलिफोनची खाच. आणि खालच्याकडून पत्ता घेतलेल्या फोनलाही एकाच पत्त्यावर दोन घरं दिसणार, म्हणून कधी नेट आहे, कधी नाही. बंद-चालू केल्यावर सगळ्यांनी नव्याने पत्ते मागितले आणि सगळेच त्या गोंधळात सापडले. त्या मुलीने मला काही म्हटलं नाही. मी तिची माफी मागितली, तेव्हा ‘सर, पुढच्या वर्षी भरू’ म्हणाली. पुढच्या वर्षी ती वयाच्या अटीत बसत होती हे मी नंतर मोजून पाहिलं, आणि त्यानेही फार बरं वाटलं नाही.

तेव्हापासून दोन गोष्टी मी न चुकता करतो. डब्याच्या रिसेटच्या भोकात गरम गोंदाचा थेंब टाकतो, आणि डब्यावर कागद चिकटवतो: हा कोणता डबा, याचा पत्ता काय, बिघडला तर कोणती केबल काढायची. केबल काढली की निदान खालचं शाबूत राहतं. हे वाक्य त्या दिवशी भिंतीवर असतं तर पाच मिनिटांत काम झालं असतं.

तिसरी गोष्ट जरा अवघड आहे, पण खरी मजा तिच्यातच आहे. ती म्हणजे डब्यातलं सॉफ्टवेअरच बदलून टाकणं. याची मुळं कॅलिफोर्नियात आहेत. अर्व्हाइनच्या लिंकसिस कंपनीने २००२ च्या अखेरीस डब्ल्यूआरटी ५४जी नावाचा निळा-काळा राउटर काढला आणि २००३ मध्ये सिस्को कंपनीने लिंकसिस विकत घेतली. या राउटरच्या आत लिनक्स चालतं हे हौशी मंडळींनी हुडकून काढलं. लिनक्सचा परवाना असा, की ते वापरून यंत्र विकलंत तर त्या भागाचा मूळ मजकूर ग्राहकाला उपलब्ध करून द्यावा लागतो. दबाव वाढला, मजकूर खुला झाला, आणि त्यावरून २००४ साली ‘ओपनडब्ल्यूआरटी’ हा प्रकल्प उभा राहिला. पुढे डिसेंबर २००८ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने सिस्कोवर परवान्याच्या अटींवरून दावाही लावला. मे २००९ मध्ये तडजोड झाली. एका डब्यावरून सुरू झालेलं हे सॉफ्टवेअर आज शेकडो प्रकारच्या डब्यांत चालतं. त्यांत टेलिफोनच्या तारेचे काही गेटवेही आहेत.

हे घातलं की जुना गेटवे खराखुरा राउटर होऊ शकतो. अडचण एकच दिसते: राउटरला बाहेरचं म्हणून एक दार लागतं, आणि याचं बाहेरचं दार तर मेलंय. पण मागच्या चार खाचा ही आपल्याला दिसते तशी चार वेगळी दारं नसतात. आत एकच स्विच असतो आणि कोणती खाच कोणत्या गटात हे सॉफ्टवेअर ठरवतं. चौथी खाच त्या गटातून काढून ‘ही आता बाहेरची’ असं सांगितलं की झालं. काही डब्यांच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्येही अशी सोय ‘इथरनेट वॅन’ नावाने दडलेली असते. पान शोधून पाहावं. नर्सीच्या नामदेवांसाठी औंढ्याचं देऊळ फिरलं अशी आपल्याकडे कथा आहे. इथे डबा जागचा हलत नाही, फक्त त्याचं दार फिरतं.

रिसेटच्या दुखण्यावरचा खरा उतारा इथेच मिळाला. ओपनडब्ल्यूआरटीची प्रतिमा बनवतानाच तिच्यात आपल्या नेमणुका घालून ठेवता येतात. मग कुणी कितीही पिना घातल्या तरी डबा कारखान्याच्या नव्हे, आपण ठरवलेल्या मूळ स्थितीला येतो.

पण हे प्रत्येक डब्यावर होत नाही. मॉडेल नंबरशेजारचं छोटं अक्षर वेगळं असलं तरी आतला चिप वेगळा निघतो. फ्लॅश स्मृती ४ एमबी आणि रॅम ३२ एमबी असलेल्या डब्यांना नव्या आवृत्त्यांनी केव्हाच रामराम ठोकला आहे, आणि आपल्याकडच्या भंगारात तेच जास्त. काहींवर सॉफ्टवेअर चढतं पण वायफायचा चालक सापडत नाही. मी एकदा घाईत चुकीची फाइल चढवून एक चांगला डबा दगड करून ठेवला. असा दगड कधीकधी उठवता येतो. पाटीवर चार बारीक टोकं असतात, त्यांना यूएसबी-टीटीएल नावाची लहान पट्टी जोडून संगणकावरून डब्याशी थेट बोलता येतं, वेग बहुधा १,१५,२००. फक्त ती पट्टी ३.३ व्होल्टची हवी आणि तिची वीजतार जोडायची नाही. मी ५ व्होल्टची जोडली. दगड तो दगडच राहिला.

आता राहिलेलं सहावं काम. कंपनीचं जुनं सॉफ्टवेअर असलेला डबा इंटरनेटच्या तोंडावर कधीही बसवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला शेवटची दुरुस्ती कधी मिळाली हे त्याच्याच पानावर तारखेसकट लिहिलेलं असतं, वाचून पाहा. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत सुमारे ९ लाख ग्राहकांचे राउटर एका हल्ल्यात कोलमडले. कंपनीला दुरून डब्यात शिरून दुरुस्ती करता यावी म्हणून टीआर-०६९ नावाची पद्धत असते, आणि तिच्यासाठीची ७५४७ क्रमांकाची खिडकी उघडी होती. जुलै २०१७ मध्ये आपल्याकडे, मुख्यतः कर्नाटकात, भारत संचार निगमाच्या ग्राहकांचे हजारो मोडेम असेच बंद पडले. नाव ‘अ‍ॅडमिन’, संकेतशब्दही ‘अ‍ॅडमिन’, आणि कुणीच तो बदललेला नाही. वेसकर जागचा हलला नव्हता. त्याच्या किल्लीची नक्कल सगळ्या मुलखाकडे होती.

म्हणून जुना डबा आत, नवा बाहेर. आत असला तरी संकेतशब्द बदलायचा, आणि दुरून शिरण्याची सोय व यूपीएनपी बंद करायचं. लोक आणखी एक करतात: पाहुण्यांसाठी किंवा भाडेकरूंसाठी जुना डबा ‘राउटर’ म्हणून नव्याच्या मागे लावतात आणि समजतात, की आता ते वेगळे झाले. उलट होतं. मागच्या डब्यातून पुढच्या डब्याकडे वाट उघडीच असते, कारण त्याच्या दृष्टीने ती ‘बाहेर’ जाण्याची वाट आहे. भाडेकरूला तुमचा प्रिंटर दिसतो, तुम्हाला त्याचा दिसत नाही. वेगळं करायचं असेल तर राखणीचा नियम स्वतः लिहावा लागतो, किंवा नव्या डब्यातली पाहुण्यांची सोय वापरावी.

वेगाची अपेक्षा बेताची ठेवावी. या डब्यांच्या खाचा १०० मेगाबिटच्या. वायफायवर ५४ लिहिलेलं असलं तर हाती वीस-पंचवीस येतात. ऑनलाइन तास, अर्ज, व्हिडिओ कॉल यांना ते पुरतं. विजेचं म्हणाल तर सहा वॅटचा डबा वर्षभर अखंड चालला तर साडेबावन्न युनिट खातो. रात्री बंद केला तर अर्थातच कमी. लोडशेडिंगमध्ये मात्र हे डबे गुणाचे ठरतात, कारण बरेचसे १२ व्होल्टवर चालतात. १२ व्होल्ट ७ अँपियर-तासांच्या बॅटरीवर नवा नि जुना मिळून चारेक तास निघतात. पण अडॅप्टर निवडताना पिनेच्या आकारावर जाऊ नका. तीच पिन ९ व्होल्टलाही असते, आणि काही डबे तर एसी मागतात. ‘मेलेला’ म्हणून आणलेल्या डब्यांत अर्ध्याअधिकांचा अडॅप्टरच मेलेला निघाला. उरलेल्यांत वीज आत शिरते तिथला एखादा कपॅसिटर डोकं फुगवून बसलेला असतो. तो पाच-दहा रुपयांत बदलतो.

अभ्यासिकेतला डबा मी नंतर बदलला. आता वर जो आहे त्यात माझ्या नेमणुका घातलेलं सॉफ्टवेअर आहे, भोकात गोंद आहे आणि शेजारी भिंतीवर कागद आहे. कागदाचं अक्षर त्या मुलीचं. माझं कुणाला वाचता येत नव्हतं.

गेल्या महिन्यात भंगारवाल्याने हाक मारून एक पांढरा, नवाकोरा दिसणारा डबा दाखवला. फायबरचा. गिऱ्हाइकाने कंपनी बदलली आणि जुन्या कंपनीचं कुणी न्यायला आलं नाही. त्याच्या आत आजच्या कोणत्याही घराला पुरेल एवढी ताकद आहे. पण तो दुसऱ्या कंपनीच्या फायबरवर सहसा चालत नाही, कारण पलीकडचं यंत्र अनुक्रमांक पाहून ओळख पटवतं. म्हणजे याचंही पहिलं काम संपलं आणि पाच उरली. घरी आणून जोडला, तर चिठ्ठीवरच्या संकेतशब्दाने अर्धवट पानं उघडली: वायफायचं नाव बदलता येतं, पत्तेवाटप बंद करता येत नाही. पूर्ण हक्काचा संकेतशब्द वेगळा आहे आणि तो चिठ्ठीवर नाही. तूर्त त्याला मी एकट्याला एका खोलीत वायफायपुरता चालवून पाहतो आहे. पाटीवर चार बारीक टोकं आहेत. या वेळी पट्टी ३.३ व्होल्टचीच आणली आहे.